पद्मिनीचं इंजिन उतरवायची घरची गँट्री

कोल्हापूर
१२ नोव्हेंबर

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन घरच्याच गॅरेजमध्ये उतरवायचं ठरवलंस, हे उत्तम केलंस. पण त्यासाठी बोअरची मोटर काढायची तीन पायांची घोडी आणायचा बेत सोड. बोअरवर ती घोडी चोख काम करते, कारण तिथे पाय मातीत रुततात आणि फार फाकवावे लागत नाहीत. गाडीचा पुढचा भाग दोन पायांच्या मधे घ्यायचा म्हटलं तर मडगार्डच्या उंचीला निदान १६० सेंमी मोकळी जागा लागते. घोडीची उंची २७० सेंमी धरलीस तर त्यासाठी जमिनीवर पाय २४० सेंमी फाकवावे लागतील. इतके फाकलेले पाय गुळगुळीत फरशीवर सरकतात, आणि एक सरकला की अख्खी घोडी वजनासकट खाली येते. आणायचीच झाली तर तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधावे लागतील. मग ती साखळी गाडीच्या चाकांच्या आड येणार.

स्लॅबच्या हुकाचा तर विचारच नको. पंख्याचा हुक पंख्यासाठी असतो. पत्र्याच्या शेडचा वासासुद्धा नको. तो पत्रा आणि वारा धरायला घातलेला असतो, मधोमध टांगलेल्या इंजिनासाठी नव्हे.

तू चार पायांची गँट्री कर, म्हणजे दोन बाजूंना पाय आणि वर आडवी तुळई असलेली चौकट. तिच्याकडून एकच काम घ्यायचं, सरळ वर उचलणं आणि सरळ खाली ठेवणं. तिला चाकं लावायची नाहीत. इंजिन हवेत असताना गँट्री जागची हलत नाही, तिच्या खालून गाडी मागे ढकलायची. लटकतं वजन घेऊन चाकांवरची गँट्री ढकलली की इंजिन झोके घेतं. एखादं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं, तरी वरचा भाग पुढे जातच राहतो आणि गँट्री कलंडते. या एका हौसेपायी अपघात होतात. गाडी मात्र चार चाकांवर ढकलायसाठीच बनलेली आहे.

आता मापं. वजन मी मुद्दाम जास्त धरतो. १०८९ सीसीचं बिडाच्या ब्लॉकचं इंजिन, सोबत स्टार्टर, डायनॅमो, क्लच, आणि पुढेमागे गिअरबॉक्ससकट उचलायची वेळ आली तर तोही, असे २०० किलो धर. उचलताना बसणाऱ्या हिसक्यासाठी दुप्पट, म्हणजे ४०० किलो. पायांमधलं अंतर २४० सेंमी. वजन मधोमध असलं की वाकवणारा जोर वजन गुणिले लांबी भागिले चार, म्हणजे २४,००० किलो-सेंमी. हा आकडा पाइपच्या छेदाच्या ताकदीने (सेक्शन मॉड्युलस, घन सेंमीत) भागायचा. दोन इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीच्या, पाइपसाठी ती सुमारे ८.६ येते, म्हणजे ताण दर चौरस सेंमीला २,८०० किलोच्या आसपास. साधं एमएस (माइल्ड स्टील) २,५००च्या सुमारास कायमचं वाकतं, म्हणून दोन इंची बाद. तीन इंची बी क्लास पाइपची, बाहेरून ८८.९ मिमी आणि जाडी ४ मिमी, ताकद २१.७ येते. ताण ११०० किलो, म्हणजे हिसका धरूनही निम्म्याहून कमी. आडव्या तुळईला तीन इंचीच घे. दुकानदार 'दोन इंचीवर आम्ही ट्रकचं इंजिन उचलतो' असं सांगेल, तरी.

पाइप काळा घे, जीआय नको. जस्ताच्या थरावर वेल्डिंग केलं की त्याचा पांढरा धूर छातीत जातो आणि रात्री ताप भरतो. शिवाय टाक्यात बुडबुडे राहतात.

तुळई २७० सेंमी काप, म्हणजे दोन्ही टोकांना १५ सेंमी बाहेर राहील. पाय दोन इंची बी क्लासचे चालतील, कारण त्यांच्यावर वाकवणारा जोर नसतो, दाबच असतो. दोन्ही टोकांना दोन-दोन पाय, गाडीच्या लांबीच्या दिशेने फाकलेले, जमिनीवर १२० सेंमी अंतर. तुळईची उंची २४० ठेवली तर प्रत्येक पाय साधारण २५० सेंमीचा लागतो. सहा मीटरच्या एका नळीत दोन पाय निघतात आणि वर एक मीटर उरतो. जमिनीपासून ४० सेंमीवर दोन पायांना जोडणारा आडवा दांडा बरोबर एक मीटरचाच लागतो. म्हणजे दोन नळ्यांत दोन्ही बाजू होतात, भंगार काही उरत नाही.

खरी मेख पुढे आहे. असे दोन त्रिकोण आणि वर तुळई ठेवली की गँट्री पुढेमागे घट्ट असते, पण तुळईच्या दिशेने बाजूला झुकू शकते. त्यासाठी वरच्या कोपऱ्यांत तिरके आधार हवेतच. वरून ५० सेंमी खाली दोन्ही पायांच्या मधे २५ सेंमीची ५० × ६ मिमी पट्टी वेल्ड कर. तिथून तुळईवर पायापासून ५० सेंमी आत ५० × ५० × ६ चा अँगल ४५ अंशांत जोड, साधारण ७० सेंमी लांबीचा. हे अँगल आणि तुळईचे सांधे वेल्ड करू नकोस, एम १६ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट वापर, म्हणजे काम झाल्यावर गँट्री उलगडून भिंतीला लावता येईल. पायांखाली १५० × १५० × १० मिमीच्या प्लेटी, आणि प्लेटीखाली जाड प्लायवुडचे तुकडे, नाहीतर शहाबादी फरशी तडकेल. प्लेटी आणि पट्ट्या शिवाजी उद्यमनगरात मापाने कापून मिळतात. तू येणार असलास तर मी आधी सांगून ठेवतो.

वेल्डिंगला ३.१५ मिमीचा ६०१३ रॉड, शंभर ते एकशेवीस अँपिअर. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मार, ओळंबा लावून दोन्ही बाजू उभ्या तपास, मगच पूर्ण टाके घाल. तुळईच्या मध्यभागी खालच्या अंगाला काहीही वेल्ड करू नकोस. तिथेच सगळ्यात जास्त ओढ असते आणि टाक्याच्या कडेपासून तडा सुरू होतो. चेनकप्पी (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) अडकवायला ५० × १० मिमी पट्टीचं कडं तुळईभोवती घाल, आणि ते सरकू नये म्हणून दोन छोटे अडसर तुळईच्या वरच्या अंगाला लाव.

रंग लावण्याआधी चाचणी घे. प्रत्येक टाक्यावर रॉकेल लाव, दहा मिनिटांनी पूर्ण पुसून कोरडं कर आणि खडूची पूड भुरभुरव. तडा असेल तर रॉकेल पुडीत ओली रेघ काढतं. मग तुळईलगत टोकापासून टोकापर्यंत गवंड्याची लाइनदोरी ताणून बांध, आणि सिमेंटच्या पाच गोण्या, म्हणजे २५० किलो, दहा सेंमी उचलून ठेव. तुळईचा झोल चार मिमीच्या आत राहिला पाहिजे. गोण्या उतरवल्यावर झोल शून्यावर आला नाही, तर पाइपाची जाडी सांगितल्यापेक्षा कमी आहे. तो पाइप परत कर.

चेनकप्पी एक टनाची, तीन मीटर उचलीची. जुनी घेतलीस तर हुकाचं तोंड पाहा. ते मूळ मापापेक्षा दहा टक्के उघडलेलं असेल तर नको. हुकाची झडप जागेवर हवी. वजन टांगून साखळीवर खडूची खूण कर आणि दहा मिनिटं थांब. खूण खाली सरकली तर आतला ब्रेक गेलेला आहे. वजनाच्या साखळीला तेल चालतं, पण ब्रेकच्या चकत्यांना तेलाचा थेंबही लागता कामा नये, नाहीतर वजन आपोआप उतरू लागतं.

आता इंजिन कुठे धरायचं. इंजिन तू उघडणारच आहेस, म्हणून हेडच्या स्टडवर दोन कान लाव, ८ मिमी प्लेटचे, तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एक पुढे आणि एक मागे. कान बसवल्यावर नटाचे सगळे आटे स्टडवर बसतात ना, ते पाहा. दोन्ही कानांपासून साखळ्या थेट एका हुकात घेऊ नकोस. साखळी जमिनीशी ६० अंशांत असली तर २०० किलोला प्रत्येकीवर ११५ किलो येतात. ती ३० अंशांवर पसरली तर प्रत्येकीवर पूर्ण २०० येतात, आणि त्यातला बराचसा जोर स्टडला आडवा ओढतो.  

म्हणून मधे एक तोलपट्टी घाल. ६५ × १२ मिमीची ६० सेंमी पट्टी उभी वापरायची. खालच्या कडेला दोन टोकांना भोकं, तिथून कानांपर्यंत सरळ खाली साखळ्या. वरच्या कडेला मधल्या भागात ४० मिमीच्या अंतराने सात भोकं, त्यांत एक टनाचा डी शॅकल, म्हणजे बोल्टने बंद होणारं डी आकाराचं कडं. शॅकल कुठल्या भोकात हवा हे आधी ठरत नाही. दोन सेंमी उचल, इंजिन कुठे झुकतं ते पाहा, खाली ठेव, शॅकल हलव. तो रेडिएटरच्या बाजूला सरकवला की मागचं टोक खाली जातं, क्लचच्या बाजूला सरकवला की पुढचं. साखळी ग्रेड ८० ची ८ मिमी घे, ती दोन टनांची असते. हार्डवेअरच्या दुकानातली मीटरवर मिळणारी साखळी, जिच्या कड्यांचे सांधे नुसते मिटवलेले असतात, ती नको. नायलॉनचा दोरही नको. ब्लॉकच्या कडेवर तो कापला जातो, आणि ताणलेला दोर तुटला की सुटं टोक अंगावर येतं.

गिअरबॉक्स गाडीतच राहू दे. इंजिन सुटलं की त्याचं पुढचं टोक लोंबकळेल, म्हणून ५० × ५० × ६ चा अँगल फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याजवळ) दोन्ही आतल्या मडगार्डांच्या कडांवर लाकडी ठोकळे ठेवून आडवा टाक, आणि १२ मिमीच्या लांब आयबोल्टने बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) त्याला टांग. खाली जॅक लावू नकोस, कारण गाडी मागे ढकलायची आहे. हा दांडा गाडीसोबतच जातो.

सोडवायचा क्रम तुला ठाऊक आहे: बॅटरीची निगेटिव्ह आधी, पाणी, ऑइल, रेडिएटर, वायरींना चिठ्ठ्या. पेट्रोलची नळी सोडली की तिच्यात बोल्ट घालून क्लिप आवळ, आणि त्या दिवशी गॅरेजात ग्राइंडर चालवू नकोस. एक्झॉस्टच्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मार, नाहीतर स्टड हातात येतील. सगळ्यात जास्त विसरली जाते ती इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी.

इंजिन आणि बेल हाउसिंग यांचे बोल्ट आणि माउंटिंग सोडण्याआधी साखळी फक्त ताणून घे, माउंटिंगच्या रबरांवरचा भार जेमतेम हलका होईल इतकी. जास्त ताणलीस तर बोल्ट निघताच इंजिन उसळतं. बोल्ट निघाले की दोन सेंमी उचल आणि थांब. पुढच्या स्प्रिंगा मोकळ्या होऊन गाडीचं तोंड काही सेंमी वर येईल, ते साहजिक आहे. पण पुढे इंजिनासोबत गाडीही उचलली जाऊ लागली किंवा साखळी अचानक जड झाली, तर काहीतरी अजून जोडलेलं आहे. जोर लावू नकोस, शोध.

मग हँडब्रेक सोड, चाकांच्या उट्या काढ आणि गाडी अगदी हळू मागे घे. एकाने ढकलायचं, एकाने बेल हाउसिंगच्या फटीकडे पाहायचं. फट वर-खाली, डावी-उजवी सारखी उघडली पाहिजे. वर जास्त उघडली तर इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नाहीत. तसंच ओढलंस तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं वजन क्लच प्लेटच्या मधल्या भागावर येतं आणि प्लेट वाकते. ती वाकलेली प्लेट परत बसवली की क्लच नीट सुटत नाही, आणि लोक महिनाभर क्लचच्या जोडणीत दोष शोधत बसतात. शाफ्ट पूर्ण सुटला की इंजिन सरळ वर, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) पुढच्या पत्र्याच्या पाच सेंमी वर येईपर्यंत. मग गाडी इंजिनाखालून पूर्ण मागे. उंचावलेल्या इंजिनाखाली हातपाय कुणाचेच नकोत.

खाली घ्यायला ४० × ४० × ५ अँगलची ट्रॉली कर, ६० × ५० सेंमी, चार चाकं, प्रत्येक चाक १०० किलोचं. फरशी असमान असली की भार तीनच चाकांवर येतो, म्हणून एवढं. इंजिन सम्पवर कधीही ठेवू नकोस. सम्पला पोचा आला तर ऑइलची जाळी दबते आणि इंजिन ऑइलविना चालतं. ट्रॉलीवर लाकडी ठोकळे असे लाव की भार ब्लॉकच्या कडेवर आणि माउंटिंगच्या जागांवर येईल. ट्रॉली होईपर्यंत ट्रकचा जुना टायर आडवा टाकलास तरी चालेल.

पाइप कापण्याआधी तीन मापं कळव. गॅरेजची फरशी ते छत, तीही दोन ठिकाणी घेतलेली, कारण फरशीला उतार असणार. पुढच्या पत्र्याच्या वरच्या कडेची जमिनीपासूनची उंची. आणि तुझ्या चेनकप्पीचे दोन्ही हुक जवळ आणल्यावर त्यांच्यातलं अंतर. हिशोब असा: पत्रा ८५, मोकळीक ५, तोंड वर आल्याचे ५, इंजिन ६५, तोलपट्टी आणि साखळ्या ३०, चेनकप्पी ३५, बेरीज २२५. म्हणून तुळई २४० वर सांगितली. तुझं छत २५५ च्या खाली असेल तर साखळ्या आखूड कराव्या लागतील आणि पुढच्या टायरांतली हवा कमी करावी लागेल, तेव्हा आधी मापं, मग करवत.

वहिनींना नमस्कार. काकांना सांग, गाडीची जुनी हस्तपुस्तिका माळ्यावर असेल तर शोधून ठेवा. हेडच्या नटांचा क्रम त्यातच पाहायचा आहे.

तुझा,
दिलीप