वेदीवरचं कापड आईनं धुवायचं, वेदीपाशी लेकीनं यायचं नाही

माननीय सेकंड चर्च इस्टेट्स कमिशनर,
हाउस ऑफ कॉमन्स, लंडन

स. न. वि. वि.

चर्च ऑफ इंग्लंडच्या वतीनं कॉमन्समध्ये उत्तरं देणं हे आपलं काम, म्हणून पत्र आपल्याला. इंग्रजी प्रत पोस्टानं पाठवली आहे. ही आमच्या माणसांसाठी.

12 मार्च 1994 ला ब्रिस्टल कॅथेड्रलमध्ये बिशप बॅरी रॉजरसन यांनी 32 स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. चर्च ऑफ इंग्लंडमधल्या त्या पहिल्या. तो दिवस आमच्या मंडळीत दरवर्षी साजरा होतो. माझी मुलगी पाळक आहे. यंदा त्या आठवड्यातल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी तीच चालवेल, असं चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डननी तोंड भरून सांगितलं होतं. मग नवे व्हिकार, म्हणजे मुख्य पाळक, आले, पॅरिश कौन्सिलनं, म्हणजे मंडळीच्या पंचांनी, वेदीपाशी स्त्री पाळक नको असा ठराव केला, आणि ऐन वेळी माझ्या हातात चिठ्ठी पडली: आपल्या कन्येनं शास्त्रपाठ वाचायला हरकत नाही, वेदीपाशी मात्र येऊ नये. केक ठरल्याप्रमाणे आणावा.

केक!

मी निवृत्त नर्स, मूळची नाशिकच्या शरणपूरची. इथे नाइट ड्युटी संपवून, डोळे चोळत रविवारची उपासना गाठलेली बाई आहे मी. वेदीवरची वस्त्रं मीच घरी नेते. वाइनचा डाग थंड पाण्यात काढायचा, कापड दमट असतानाच इस्त्री करायची, नऊ चौकोन पडतील अशी घडी घालायची. गुडघे गेले, तरी हे सोडलं नाही. त्या कापडाला बाईचा हात चालतो. त्यावरच्या भाकरीला चालत नाही.

हे नियमात बसतं, असं आपण म्हणाल. बसतंच, कारण नियमच तसा शिवून घेतला आहे. 2014 मध्ये स्त्रियांना बिशप होण्याची वाट मोकळी केली, तेव्हाच ज्यांना स्त्री पाळक मान्य नाही त्यांचीही भरभराट झाली पाहिजे, असं बिशपांनी लिहून दिलं. असे ठराव केलेली पॅरिशेस सहाशेच्या आतबाहेर आहेत म्हणतात. दहावीस इकडेतिकडे असतील, मोजणीला माझ्याकडे कचेरी नाही. 1994 पासून त्यांच्यासाठी वेगळे बिशपही नेमले आहेत. कारण ज्या बिशपांनी बाईच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिली, त्यांचे हात त्यांच्यातल्या कित्येकांना नको असतात. महोदया, आम्ही विटाळाच्या देशातून आलेली माणसं. सोवळं आम्हाला लांबून ओळखू येतं, पांढरी कॉलर लावून आलं तरी.

ऑक्टोबर 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशप म्हणून सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. त्याही नर्स, एके काळच्या इंग्लंडच्या चीफ नर्सिंग ऑफिसर. मी टीव्हीसमोर रडले. आता कळतंय, उद्या त्या आमच्याकडे आल्या तरी शास्त्रपाठच वाचतील. केकचं त्यांनाही सांगून ठेवा.

हॉस्पिटलनं ‘सर्जन बाई नको’ अशी पाटी लावली असती तर कोर्टात उभं राहावं लागलं असतं. धर्माच्या कामाला मात्र 2010 च्या समानता कायद्यातच पळवाट आहे, आणि याच चर्चचे 26 बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, बसून सगळ्या देशाच्या कायद्यांवर मतं देतात. वा!

राबायला बाई हवी, मानाला नको, ही इथली जुनीच रीत. युद्धात पाळक पोचेना, तेव्हा 1944 ला हाँगकाँगच्या बिशपांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई या बाईंना पाळकपदाची दीक्षा दिली. युद्ध संपलं आणि 1946 ला त्यांना परवाना परत करावा लागला. आमच्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इथे इंग्लंडात वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना शिकवायचं निघालं, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नाकं मुरडली. आणि ब्रिस्टलच्या त्या सोहळ्याची पाटी? तिच्यावर पुरुष अधिकाऱ्यांची नावं कोरलेली होती, दीक्षा घेणाऱ्या 32 जणींपैकी एकीचंही नाही. 2022 मध्ये ती बदलली. अठ्ठावीस वर्षं येणाजाणाऱ्या कुणाला ते खटकलं नाही, की खटकूनही सगळे सभ्यपणे गप्प बसले? या देशात सभ्यपणे गप्प बसून काय काय चालवून घेतात, हे मी वॉर्डांतही पाहिलंय, कौन्सिलच्या कचेऱ्यांतही.

मागणं फार नाही. ज्या चर्चनं असा ठराव केला त्यानं तो दारावर ठळक लावावा, म्हणजे नव्यानं येणाऱ्या बाईला आत पाऊल टाकण्याआधी कळेल. आणि ही सवलत कधी संपणार त्याची तारीख ठरवावी.

‘चर्चच्या अंतर्गत बाबीत संसद पडत नाही’ हे मला सांगू नका. 2012 ला स्त्री बिशपांचा ठराव सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मसभेत, सामान्य सभासदांच्या सहा मतांनी पडला, तेव्हा कॉमन्समध्ये केवढा आवाज चढला होता! दोन वर्षांत तोच विषय मंजूर झाला. तेव्हा ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ हे छापील उत्तर नको. तारीख कळवा.

आपली,
एका पाळकाची आई