पासचा सल्ला देण्याआधी हिशेब छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुंबईतील 'बेस्ट' या शहर बससेवेच्या मिनी बसने रोज ये-जा करणाऱ्यांनी पैसे कसे वाचवावेत, यावर कालच्या अंकात आपण अर्धे पान खर्ची घातले आहे. विषय निवडल्याबद्दल आपले आभार, कारण भाडेवाढीची बातमी सगळेच देतात, पण भाडे आकारतात कसे हे समजावून सांगण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. मात्र मासिक पास काढावा म्हणजे बचत होते, हा त्या लेखातील पहिलाच सल्ला मिनी बसच्या बहुतेक प्रवाशांच्या बाबतीत चुकीचा आहे आणि तो आपण दुसऱ्यांदा दिला आहे. भाडेवाढ झाली त्या सुमारासही आपल्या दैनिकात हेच छापून आले होते. ते कात्रण मी जपून ठेवले आहे, कारण त्यापायी आमच्या घरातले पैसे गेले.

माझी सून रोज कन्नमवार नगरातून विक्रोळी स्थानकापर्यंत मिनी बसने जाते, तेथून लोकलने कुर्ल्याला उतरते आणि कुर्ल्याहून पुन्हा मिनी बस धरून वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात पोहोचते. दोन्ही बस वातानुकूलित आणि दोन्ही टप्पे ५ किलोमीटरच्या आतले असल्याने प्रत्येक तिकीट १२ रुपयांचे, म्हणजे जाऊन-येऊन चार तिकिटांचे ४८ रुपये होतात. आपला भाडेवाढीच्या वेळचा तो लेख वाचून मीच तिला कुठेही फिरता येणारा १८०० रुपयांचा मासिक पास काढायला लावला. तिचे कार्यालय आठवड्यातून पाच दिवस असते. महिन्याचे २२ दिवस धरले तरी रोज तिकीट काढून १०५६ रुपयेच लागले असते. त्यातच त्या महिन्यात तिच्या आईची शस्त्रक्रिया झाली, सहा दिवस रजा पडली आणि प्रवास झाला तो केवळ १६ दिवसांचा. ज्या प्रवासाला ७६८ रुपये पुरले असते त्यासाठी तिने १८०० रुपये मोजले. महिना संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यापासून तिकीटच काढते." आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेल्या माणसाने छापील शब्दावर विश्वास ठेवून घरच्या माणसाला तोट्यात घातले, याची रुखरुख मला अजून आहे.

आपल्या लेखात जो हिशेब यायला हवा होता तो अवघड नाही. १२ रुपयांच्या तिकिटाने प्रवास करणाऱ्याचे १८०० रुपये वसूल व्हायचे, तर महिन्यात १५० तिकिटे व्हायला हवीत, म्हणजे रोज पाच आणि तीही रविवारची सुट्टी न घेता. ७५ रुपयांचा दैनिक पास त्याला सातव्या तिकिटापासून परवडू लागतो. ५ ते १० किलोमीटरच्या टप्प्यात, २० रुपयांच्या तिकिटावर मासिक पाससाठी ९० तिकिटे लागतात. अशी चार तिकिटे रोज काढणाऱ्याचेही २२ दिवसांत ८८च होतात. दिवसभर शहर पालथे घालणाऱ्या कुरिअरच्या मुलांना किंवा वसुलीच्या कामावर असणाऱ्यांना हा पास खरोखर उपयोगी आहे, आणि त्यांच्यासाठी तो असावाच. पण मिनी बस मुख्यतः धावते ती वस्तीतून स्थानकापर्यंत, आणि तिचा प्रवासी आखूड अंतराचा असतो.

भाडेवाढीचा सर्वाधिक भार याच प्रवाशावर पडला, ही गोष्टही आपल्या लेखात कुठे आली नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे साध्या बससाठी ५ आणि वातानुकूलित बससाठी ६ रुपये करण्यात आले होते. ९ मे २०२५ पासून ते अनुक्रमे १० आणि १२ रुपये झाले, म्हणजे थेट दुप्पट. वातानुकूलित बसचा पुढचा टप्पा मात्र १३ वरून २० वर आणि त्यापुढचा १९ वरून ३० वर गेला. मिनी बस बहुतांशी वातानुकूलित असल्यामुळे आखूड अंतराच्या प्रवाशाला साध्या बसची निवडही फारशी उरत नाही. खरे तर ५ किलोमीटरपर्यंत साध्या बससाठी खोळंबून केवळ २ रुपये वाचतात, परंतु १० किलोमीटरला ५ आणि १५ किलोमीटरला १० रुपये वाचतात. तेव्हा वाट पाहायचीच तर ती लांबच्या प्रवासासाठी पाहावी, हे वाचकांना सांगायला हवे होते. त्याचप्रमाणे भाड्याचा टप्पा जेथे बदलतो त्याच्या एक थांबा अलीकडे उतरून चालत जाणाऱ्याचे, वातानुकूलित बसमध्ये पहिल्या टप्प्यावरच, ८ रुपये वाचतात. आमच्याकडे अनेक जण हे करतात. आणि वाटेत बस बदलली की दुसरे तिकीट नव्याने, पुन्हा किमान भाड्यापासून सुरू होते, त्यामुळे थेट बस मिळत असेल तर थोडे थांबणे फायद्याचे ठरते.

जाता जाता आणखी एक तक्रार नोंदवतो. भाड्याचा तक्ता आपण करड्या पार्श्वभूमीवर इतक्या बारीक टाइपात छापला होता की मला तो भिंग घेऊन वाचावा लागला. शेजारच्या पानावरील जाहिरातीतील अक्षरे मात्र हातभर अंतरावरून दिसत होती. ज्येष्ठ नागरिक आपले वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, त्यांचा विचार पाने लावणाऱ्यांनी करावा.

येत्या एक तारखेपूर्वी आपण दुरुस्ती छापावी आणि रोज दोन, चार व सहा तिकिटे काढणाऱ्यांचा वेगवेगळा हिशेब ठळक अक्षरांत द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कालचा लेख वाचून आमच्या इमारतीतील नुकत्याच नोकरीला लागलेल्या एका मुलाने पास काढायचे ठरवले होते. त्याचा प्रवास जाऊन-येऊन दोनच तिकिटांचा आहे आणि महिन्याचे २६ दिवस कामावर गेला तरी त्याला ६२४ रुपये लागतात. त्याला मी काल संध्याकाळी जिन्यात गाठून थांबवले. बाकीच्यांना आपण थांबवावे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापाल
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई