ग्रह शोधताना सापडलेले तारे

संपादक महोदय,

बाह्यग्रह, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह, सापडला की चौकट छापून येते. त्याच शोधात हाती लागलेल्या रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या वाट्याला मात्र एक ओळही येत नाही. मी हौसेने ताऱ्यांच्या तेजाचे आलेख पाहतो, म्हणून हे खटकतं.

ग्रह शोधण्यासाठी २००९ साली अवकाशात सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने सुमारे दीड लाख ताऱ्यांवर चार वर्षं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर प्रकाश जेमतेम १ टक्का घटतो. इतकं बारीक मोजल्यावर स्पंदन पावणारे आणि एकमेकांना झाकणारे तारे लपणार कसे? आलेखात एक खाच खोल, पुढची उथळ, पुन्हा खोल दिसली की ग्रहाची आशा बहुतेक सोडावी. तो जोडतारा, म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, असतो. दोन्ही खाचा सारख्याच वाटल्या तर आवर्तनकाळ (एका फेरीला लागणारा वेळ) निम्माच नोंदला जाण्याची भीती असते. ग्रह शोधणाऱ्याच टेस या अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल तर आकाशातल्या २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग)! त्यात शेजारचे तारेही मिसळतात, त्यामुळे नेमका कोणता तारा मंदावला हे शोधण्यातच निम्मा जीव जातो. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण रूपविकारी ताऱ्यांच्या याद्या त्यातूनच बनतात.

या दुर्बिणींची निरीक्षणं सर्वांसाठी खुली आहेत आणि हौशी मंडळींनीही त्यांतून नवे रूपविकारी तारे शोधले आहेत. पुढच्या ग्रहाच्या बातमीत या ताऱ्यांनाही दोन ओळी द्याव्यात, ही विनंती.

– एक हौशी आकाशनिरीक्षक