कागद ढिगाने असले, तरी उत्खनन हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातील कामगारवस्त्यांचे कागद ढिगाने उपलब्ध असताना तेथे उत्खनन कशासाठी, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. हे कागद बहुतांशी मालकांनी, सुधारकांनी किंवा सरकारी कारकुनांनी लिहिलेले असतात, याचा आक्षेपकांना विसर पडतो.

अमेरिकेतील लोवेल या गिरणगावात बूट कॉटन मिल्सच्या बोर्डिंग हाऊसमधील (कंपनीच्या भाड्याच्या वसतिगृहांतील) कामगारांवर कंपनीचे कडक नियम होते : रात्री १० वाजता दारे बंद आणि मद्य वर्ज्य. १९८०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ मेरी बोड्री आणि स्टीफन म्रोझॉव्स्की यांच्या पथकाने या घरांच्या परसात खोदकाम केले, तेव्हा दारूच्या बाटल्या तर निघाल्याच, शिवाय भरपूर मद्यार्क असलेली औषधे ज्यांत विकली जात त्या बाटल्याही निघाल्या. बाटली कोणी रिकामी केली हे अर्थातच बाटली सांगत नाही, आणि जेथे भाडेकरू सतत बदलत तेथे ते ठरवणेही अवघड. मला मात्र बाटल्यांपेक्षा तेथील काळ्या काचेची बटणे अधिक बोलकी वाटतात. जेट या महागड्या काळ्या रत्नाची ती स्वस्त नक्कल होती. तुटपुंज्या मजुरीतूनही चारचौघांत नीटनेटके दिसण्यासाठी कोणीतरी पैसे बाजूला काढले होते, ही नोंद गिरणीच्या हजेरीपटात कशी मिळणार?

न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीची गोष्ट नेमकी उलटी आहे. गुन्हेगारी आणि दारूबाजीसाठी बदनाम झालेल्या या वस्तीत १९९१ साली न्यायालयाच्या इमारतीसाठी जागा खणताना सुमारे साडेआठ लाख वस्तू हाती आल्या. त्यांत फादर मॅथ्यू या आयरिश दारूबंदी प्रचारकाचे चित्र असलेला चहाचा कप होता. शिस्तीच्या घरांमागे दारू आणि बदनाम वस्तीत दारूबंदीचा कप, हे निव्वळ कागद चाळून कळले नसते.

फाइव्ह पॉइंट्सचा हा संग्रह वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात ठेवला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी तो जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला. प्रदर्शनासाठी बाहेर दिलेल्या अवघ्या १८ वस्तू वाचल्या. तरीही आज त्याविषयी लिहिता येते, कारण वर्गीकरण आणि अहवालाचे काम त्याआधीच पूर्ण झाले होते. म्हणून अशा उत्खननाला परवानगी देतानाच नोंदणी, अहवाल आणि सुरक्षित साठवणुकीचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरणे बंधनकारक असावे, असे मला वाटते.

आपला विश्वासू,
एक वाचक