पत्रास कारण की, लिली पोहली

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतोस, मी "ठीक" म्हणते, की संपलं. म्हणून लिहायला बसले. आम्ही दोघं आणि तुझी दोन्ही कुत्री सहा दिवस कोकणात फिरून आलो. बोलेरोची मागची सीट आडवी केली, तिच्यावर आजीची सतरंजी आणि वर न्हाणीघरातलं रबरी पायपुसणं, कारण वळणावर लिलीचे पाय घसरतात. भुऱ्याला घाट लागला. बाबांच्या चपलेत ओकला. पुढचं सांगत नाही.

मुळशीच्या जलाशयाच्या कडेने जाताना बाबांनी नेहमीप्रमाणे 1921 चा सत्याग्रह आणि सेनापती बापट सुरू केले. ताम्हिणीत बरेच लोक गाड्या थांबवून ओढ्यात उतरले होते, पण आम्ही कुत्र्यांना अभयारण्याच्या हद्दीत खाली सोडलंच नाही. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरची साथ आली होती, आठवतं? हा मुळात कुत्र्यांमध्ये पसरणारा रोग. आपली दोघं लस घेतलेली असली तरी जंगलाला त्यांची काय गरज?

घाट उतरलो आणि कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठी थांबलो. नदी शांत, दगड कोरडे, पाणी गुडघाभर. मी लिलीला घेऊन आत उभी होते. पलीकडे धुणं धूत असलेल्या बाई ओरडल्या, "ओ ताई, पाणी सोडलंय, वर या!" मला वाटलं थट्टा करताहेत, कारण आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. तरी वर आले. थोड्याच वेळात मी उभी होते तो दगड दिसेना. बाबांनी तासभर ज्या मुळशीच्या पाण्याचं पुराण लावलं होतं तेच पाणी भिऱ्याच्या वीजघरात वीज करून या नदीत उतरतं, आणि त्याच पाण्यावर तिथलं राफ्टिंग चालतं. पुढे चिपळूणला वाशिष्ठीचंही तसंच. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज होते, मग नदीत. नदीचं वेळापत्रक ढगांपेक्षा वीजघरावर जास्त! त्यानंतर गावातल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय आम्ही कुठेच पाय ओला केला नाही.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड हा डोह आहे. तिथे उतरायचा प्रश्नच नव्हता, ते वरदायिनी देवीचे मासे. चुरमुरे टाकले की आधी बोटाएवढे येतात, मग खालच्या काळोखातून हाताएवढे महासीर सावकाश वर येतात. ते मासे कुणी धरत नाही. भुऱ्या काठावर पोट टेकून, कान पुढे करून पाव तास बघत राहिला. भुंकला नाही. लिलीला मात्र चुरमुऱ्यांतच रस होता.

तिथे एका आजोबांना विचारलं, कुत्र्यांना पोहायला जागा आहे का? त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग कुत्र्यांकडे, आणि म्हणाले, "कुत्र्यांना आहे. तुम्हाला येतं का पवायला?" मग नातवाला बरोबर दिलं. वीसेक मिनिटं कच्च्या रस्त्याने गाडी, पुढे शेताच्या बांधावरून चालत. जागेचं नाव लिहीत नाही, तसं कबूल केलं आहे.

ओढा कातळावरून घसरतो आणि खाली एक डोह. शाळेच्या सहलीत निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिले होतेस ना, तसाच कातळ, लहान प्रमाणात. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे फिरून फिरून दगड कोरतात, आणि कडा अशा गुळगुळीत होतात की हाताला काही लागत नाही. माणूस आत पडला तर पोहता येत असूनही वर येता येत नाही, ते यामुळे. नातवाने आम्हाला नेमकी ती बाजू दाखवली जिथे वाळू उतरती होती. "हितनं जायचं, हितनंच यायचं."

आता लिलीचं. तिचे मागचे पाय तुला माहीतच आहेत, सकाळी उठताना दोनदा बसते. बाबांनी तिच्या पट्ट्याला लांब दोर बांधला आणि मी छातीइतक्या पाण्यात उभी राहिले. आधी तिने पाणी हुंगलं. मग पुढचे पाय. मग एकदम जमीन सुटली आणि ती तरंगली. शेपटी सुकाणूसारखी डावीकडे-उजवीकडे, नाक वर, आणि ते मागचे पाय, जे जिना चढत नाहीत, ते चालत होते! माझ्याभोवती तिने चार फेऱ्या मारल्या. पाचव्या वेळी मीच तिला वाळूकडे वळवलं, कारण दमली तरी ती सांगत नाही. बाहेर येऊन तिने अंग झाडलं ते थेट बाबांच्या चष्म्यावर. कान मी लगेच कोरडे केले, नाहीतर आठवडाभर डॉक्टरकडे. भुऱ्या गुडघ्यापर्यंत आला आणि परत गेला. गावरान आहे, हिशेबी आहे.

तेव्हा मला तुझा दहावीचा मे महिना आठवला. मामाच्या गावी सगळी पोरं डोहात आणि तू काठावर कपडे सांभाळत. मी "खोल आहे, भोवरा आहे" म्हणत राहिले. खोल होतं की नव्हतं, मी कुणाला विचारलंच नव्हतं. खरं कारण एवढंच, की मला पोहता येत नव्हतं आणि तू बुडालास तर मी उडी मारू शकले नसते. ते सांगायची लाज वाटली म्हणून भोवरा. महापालिकेच्या तलावावर मी 54 व्या वर्षी शिकले, तेही तुझ्या बाबांपासून लपवून पहिले पंधरा दिवस.

डिसेंबरात येशील तेव्हा पाणी थंड असेल, पण नितळ असेल. आजोबांना मी सांगून ठेवलं आहे. येताना चॉकलेटं आणू नकोस, लिलीला एकदा भोवली आहेत. तिच्या मापाचं लाइफ जॅकेट आण, पाठीवर हँडल असलेलं. वजन 31 किलो, छातीचा घेर 78 सेंटीमीटर. मोजताना ती बाबांचं तोंड चाटत होती, तेव्हा एखादा सेंटीमीटर इकडेतिकडे धर.

तुझी,
आई