ऑडिटला आलेल्या मॅडमना, भोसरीहून

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

आमच्याकडून माल घेणारी ती कंपनी तुम्ही सोडल्याचं कळलं. नवा नंबर कुणाकडे मिळाला नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. वाचणाऱ्यांत व्हेंडर डेव्हलपमेंटचं, म्हणजे पुरवठादार सांभाळणाऱ्या विभागाचं, कुणी असेल तर तुमच्यापर्यंत पोचेलच. आणि आमच्यासारख्या एखाद्या छोट्या टर्निंग शॉपला (लेथकामाच्या कारखान्याला) यातून ५एसच्या, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीच्या, ऑडिटसाठी काही घेता आलं, तर त्याचंही श्रेय तुमचं.

तुमच्या आधीही ऑडिटं व्हायची. तारीख आधी मेलवर यायची. मग आदल्या रात्री जादा माल, तुटकी फिक्स्चर्स (मशिनवर जॉब पकडायचे साचे), बिनकामाचे बिन असं सगळं टेम्पोत चढायचं. टेम्पो गेटबाहेर उभा राहायचा आणि ऑडिटर जेवून गेले की सगळं परत उतरायचं. भिंतीवर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके (नको ते काढणं, जागच्या जागी लावणं, झाडपूस, त्याची ठरलेली पद्धत आणि शिस्त) असा भला मोठा बॅनर होता. हेल्परलासुद्धा तो तोंडपाठ. मार्क चांगले पडायचे. अ‍ॅलन की मात्र रोज शोधावी लागायची.

तुम्ही आलात त्या खंडेनवमी उलटून थोडे दिवस झाल्यावर, आणि त्याही दुसऱ्या पाळीला. ते मुद्दाम होतं हे नंतर कळलं. खंडेनवमीला आमचा शॉप बघण्यासारखा असतो: मशिनं पुसलेली, झेंडूच्या माळा, जमिनीवर कूलंटचा थेंब नाही. त्या दिवशी कुणीही पूर्ण मार्क देईल. तुम्ही चहा नको म्हणालात, ऑफिसच्या दारातून न येता स्क्रॅप यार्डाकडून आत शिरलात आणि आधी कपाटांच्या वर, मशिनांच्या मागे, कूलंटच्या टाकीखाली बघितलंत. पुढून काय, सगळेच झाडतात.

बॅनरवरचं तुम्ही कुणालाच विचारलं नाही. सेटरला म्हणालात, "१६-१७चा पाना द्या बरं," आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिलात. तीस सेकंदांत हातात यायला हवा, असा तुमचा हिशेब. पाना दुसऱ्याच मशिनवर सापडला, तोही तोंड गेलेला. आधीच्या कुणीही इथे फटकन शून्य टाकून पुढे गेलं असतं. तुम्ही मार्क लिहिलेत आणि मग सेटरलाच विचारलंत, की तो कुठे असला तर तुम्हाला जवळ पडेल? त्याने चकच्या बाजूचा खांब दाखवला. आमचा शॅडो बोर्ड, म्हणजे प्रत्येक हत्याराची आकृती काढलेला फळा, होता ऑफिसच्या भिंतीवर, कारण तिथे त्याचा फोटो चांगला यायचा! बोर्ड खांबावर आला आणि पाने आपोआप जागेवर जायला लागले. ज्याला वाकायचं, चालायचं, उचलायचं आहे त्याला विचारून जागा ठरवायची, ही साधी गोष्ट इतक्या ऑडिटांत कुणी बोललं नव्हतं. त्याच फेरीत प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं नाजूक साधन) आणि हातोडी एका ड्रॉवरमध्ये सापडले, तेव्हा तुमचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

मार्क देण्याची तुमची पद्धत आम्ही तशीच ठेवली आहे. "ठीक", "बरं", "सुधारणा हवी" असले शब्द तुम्ही फॉर्मवरून खोडलेत आणि मोजायला लावलंत. जागेवर नको असलेली वस्तू एकही नसेल तर ४, एक-दोन असतील तर ३, आणि तसंच खाली शून्यापर्यंत. एका झोनला दोघं जायचे, एक क्वालिटीचा आणि एक शेजारच्या सेक्शनचा ऑपरेटर. दोघांनी एकमेकांचं न बघता मार्क द्यायचे, मग कागद शेजारी ठेवायचे. जिथे फरक पडला तिथे वाद घालत बसायचं नाही, परत त्या जागेवर जायचं. बहुतेक वेळा प्रश्नच मोघम निघतो. "मशीन स्वच्छ आहे का?" याला प्रत्येकाचं उत्तर वेगळं. "वे कव्हरवर चिप्स साचल्यात का, ऑइल लेव्हल काचेतून दिसते का?" याला एकच.

तुमचं सगळ्यात मोठं देणं गँगवेचं, म्हणजे शॉपमधल्या चालायच्या वाटेचं. पिवळ्या पट्ट्यावर मालाची ट्रॉली उभी होती, थेट फायर एक्स्टिंग्विशरच्या पुढ्यात. हा शेरा नेहमी ऑपरेटरच्या नावावर पडायचा, तो ट्रॉली ढकलायचा आणि ती दुपारपर्यंत परत तिथेच. तुम्ही विचारत गेलात. ट्रॉली इथे का? आत जागा नाही. जागा का नाही? प्लेटिंगला जायचा माल पडून आहे. का पडून आहे? प्लेटिंगवाल्याची गाडी आठवड्यातून एकदाच येते. मग ते फाइंडिंग, म्हणजे तो शेरा, तुम्ही शेठच्या नावावर लिहिलंत, त्यांच्यासमोर. शेठ चिडले. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८चं कलम ३२ वाटा मोकळ्या ठेवायला सांगत होतं आणि ती जबाबदारी ऑपरेटरची नसते, हे तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. गाडी आता आठवड्यातून दोनदा येते. शेठची केबिन आणि स्टोअर हेही तेव्हापासून ऑडिटचे झोन आहेत. केबिनचे मार्क काय पडतात ते इथे लिहीत नाही, मला नोकरी करायची आहे.

उत्तम झोनला रोख बक्षीस द्यायची पद्धतही तुमच्यामुळेच बंद झाली. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पण पैसे होते तोवर एका झोनचा कचरा पट्टा ओलांडून शेजारच्या झोनमध्ये सरकायचा आणि ऑडिट म्हणजे भांडण असायचं. आता फक्त फोटो लागतात. जमिनीवर पावलं रंगवली आहेत, तिथेच उभं राहून दर महिन्याला त्याच कोनातून फोटो काढायचा आणि आधीच्या फोटोशेजारी लावायचा. त्याला भाषण लागत नाही.

फाइंडिंगसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख, "मेंटेनन्स विभाग" चालणार नाही, हाही नियम टिकून आहे. नवी फेरी सुरू करण्याआधी जुनी यादी हातात घेऊन निघतो. जुनं उघडं असेल तर आधी तिथे थांबायचं. खरं सांगायचं तर फॉर्मवरचा शिस्तीचा रकाना आम्ही यावरूनच भरतो, वेगळा प्रश्न विचारत नाही.

लाल टॅगच्या, म्हणजे बिनवापराच्या वस्तूला चिठ्ठी लावून ती बाहेर काढायच्या, बाबतीत मात्र मी तुमचं पूर्ण ऐकलेलं नाही. महिनाभर हात न लागलेली वस्तू बाहेर, हे लाइनवर ठीक आहे. आमचं जॉबवर्क. सात-आठ महिन्यांनी तीच ऑर्डर परत येते आणि फिक्स्चर भंगारात गेलेलं असलं तर नवीन करायला आठवडा जातो. म्हणून माळ्यावर एक रॅक केलाय. प्रत्येक फिक्स्चरला ग्राहकाचा पार्ट नंबर आणि शेवटचा वापर कधी झाला त्याची तारीख. दोन वर्षं उलटली की ग्राहकाला विचारून निकाली काढायचं. तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. एकदा येऊन बघा आणि मग बोला. न सांगता आलात तरी चालेल, फक्त गुरुवारी नको, आमची सुट्टी असते.

मनापासून आभार.

आपला,
दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर