मतदानाचा टप्पा आणि अकोल्याचे ऊन

महोदय,

शनिवारी, 25 मे 2024 रोजी लोकसभेच्या सहाव्या टप्प्यात दिल्लीसह 58 मतदारसंघांत मतदान सुरू असताना अकोल्यात आमच्या घरी टीव्हीवर टक्केवारी ऐकली जात होती. दुपारी वीज गेली, कूलरची वाळ्याची ताटी वाळून कोळ झाली आणि वृद्ध आईच्या डोक्यावर ओला पंचा ठेवून आम्ही पन्हे करीत बसलो. उष्णतेमुळे जिल्ह्यात 31 मेपर्यंत कलम 144 लागू झाले (जमावबंदी उन्हाला लागू पडत नाही, हा भाग वेगळा), तरीही आमच्या गल्लीतील एका कंत्राटदाराने भरदुपारी मजुरांना विटा वाहायला लावल्या. सतराव्या लोकसभेची मुदत 16 जूनला संपणार होती, तेव्हा हेच मतदान फेब्रुवारी-मार्चमध्ये घेणे अशक्य नव्हते.

– एक वाचक, अकोला